वाळू : बासष्ट किलो

३ फेब्रुवारी, सोमवार

चार! सेक्रेटरी म्हणतात चारच.

क्लबला पंच्याहत्तर वर्षं झाली, त्याचं पुस्तक निघतंय. त्यात एक प्रकरण विमानांचं. जुन्या काळी आपला फुटबॉल संघ लांबच्या सामन्यांना अख्खं विमान भाड्यानं घेऊन जायचा, त्या फेऱ्यांचं. ग्रंथपालबाईंनी माझं नाव सुचवलं. म्हणाल्या, "काकू रोज येतात, कपाटामागून कपाट वाचत सुटल्यात. जुनी वर्तमानपत्रं चाळायला त्यांच्याइतकं चिकट माणूस मिळणार नाही." चिकट! मी ते कौतुकच समजले.

सेक्रेटरींनी विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, शाळेत पाचवी, इथे तिसरं कपाट. हसले नाहीत. टाय घालणारा माणूस. "चार फेऱ्या आहेत. तारखा तेवढ्या पक्क्या करून द्या."

मी म्हटलं, "पाच."

"चार, बाई."

"आणि पाच निघाल्या तर?"

"पुराव्याशिवाय एक ओळ छापणार नाही. एप्रिलअखेर पुस्तक छापखान्यात जायचंय."

बरं. तीन महिने आहेत. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर ठरत नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काम दिलं!

५ फेब्रुवारी, बुधवार

पाच का, ते इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

हे विमानतळावर काट्यावर होते. चौतीस वर्षं. तेव्हाची विमानं लहान – दोन पंख्यांची, अठ्ठावीस माणसांची. चढण्याआधी प्रत्येक माणसाचं वजन व्हायचं. मग कोण पुढे बसणार, कोण मागे, ट्रंका कुठे, हे सगळं एका कागदावर मांडायचं, म्हणजे विमानाचा तोल राहतो. त्या वजनाच्या कागदावर ह्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. बाकीचे लोक नुसते किलो लिहायचे. हे पुढे टिंब देऊन – ८१.४. म्हणून सगळे ह्यांना काटेकोर म्हणायचे. कॅप्टन ओरडायचा, "काटेकोर, पंखावर माशी बसलीय, तीही धर!"

विमानात माणसं कमी असली की शेपटाकडे वाळूच्या थैल्या ठेवत. त्या थैल्या मी शिवायची. घरी, मशीनवर. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण. भरली की थैली पंचवीस किलोची – चिमूटभर इकडे नाही, तिकडे नाही.

पाच हा आकडा ह्यांचाच – संघाचं विमान पाचदा तोललं, म्हणायचे. आणि वर हे सांगायचे : "मी आपल्या संघाबरोबर विमानातून गेलोय. फायनलला. कप घेऊन आलो." लग्नात सांगायचे, दवाखान्याच्या रांगेत सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे. लहानपणी लेक आ वासून ऐकायची. मोठी झाल्यावर ह्यांच्याआधी पुढचं वाक्य म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं. व्याही जेवायला आले. फुटबॉलचे वेडे. ह्यांनी विमान काढलंच. व्याही म्हणाले, "फायनलच्या विमानातल्या अठ्ठावीसही जणांचा फोटो माझ्याकडे फ्रेम करून लावलाय. तुम्ही कुठे दिसत नाही हो त्यात." सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. आणि मी – मी! – म्हणाले, "पुरे करा आता ते विमान. तुम्हाला कोण बसवून घेणार होतं?"

हशा पिकला. हेही हसले. मग पाणी प्यायले.

त्यानंतर ह्यांनी विमान कधीच काढलं नाही. नऊ वर्षं. शेवटच्या आजारात भलभलतं बोलायचे, पण विमान नाही.

खरंच गेले असतील, तर ते छापून आलं पाहिजे. नसतील, तर निदान मला कळलं पाहिजे. एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयाच्या तळघरात बसते. एक खिडकी, एक टेबल, आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे – माणसाच्या कमरेइतके. ग्रंथपालबाई वरून खाली चहा आणतात आणि म्हणतात, "काकू, जिवंत आहात ना?"

पहिली फेरी सापडली! मार्चची. बातमी लिहिणाऱ्याला सामन्यापेक्षा विमानाचंच अप्रूप – "आकाशमार्गे अवघ्या दीड तासात." खाली बारीक अक्षरात : "सात खेळाडूंना वाटेत उलट्या झाल्या." एवढं खरं सांगणारी वर्तमानपत्रं आता कुठे राहिली!

मध्येच एका क्रमशः कथेत अडकले. विष कुणी घातलं ते शेवटच्या भागात कळणार होतं, आणि तेच पान उंदरांनी खाल्लंय. दोन तास वाया. उंदरांना माहीत आहे, मला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी फेरी सापडली. शिंका – एकोणीस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिसरीही. तारखा वहीत मांडल्या. वहीला कापडाचं कव्हर शिवलं. कात्री अडखळायला लागली म्हणून धारवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "काकू, ही आपल्याकडची नाही. असं पोलाद इथे कुठे मिळतं?" जोडावर एक झिजलेली खूण आहे, मी ती आजवर फूल समजत होते. त्यानं अंगठ्यानं घासून दाखवलं – "फूल कुठलं? नांगर आहे, जहाजाचा." असेल बाबा. ह्यांनी दिली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. "लांबून आणलीय, जपून वापर." मी म्हटलं होतं, लांबून म्हणजे पुलापलीकडच्या बाजारातून!

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, तू तळघरात बसतेस? दम्याचं काय?"

"दमा बसलाय वर. मी एकटीच खाली जाते."

"बाबांसारखी बोलायला लागलीस."  ऐकून बरं वाटलं.

एक विचित्र गोष्ट. ऑक्टोबरच्या गठ्ठ्यात आठ तारखेच्या अंकाचं खेळाचं पान नाही. उंदीर नव्हेत. ब्लेडनं कापलंय, पट्टी लावून. ग्रंथपालबाई भडकल्या – "असल्या माणसाला वाचनालयात पाऊल टाकू देता कामा नये!"

१ मार्च, शनिवार

आज भिंतीला भेटले. म्हणजे त्या काळच्या गोलकीपरला. त्याच्यातून चेंडू जात नसे म्हणून गाव त्याला भिंत म्हणायचं. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, किल्ल्या बनवायचं दुकान चालवतो. दुकान एवढंसं, आणि हा दार भरून. ह्यांचं नाव सांगितलं तर उठून उभाच राहिला. "काटेकोरच्या वहिनी! अहो, दर वेळी त्यानं मला काट्यावर उभं केलं की अख्ख्या संघासमोर वजन ओरडून सांगायचा. 'भिंतीला गिलावा वाढलाय!' म्हणायचा."

खूप हसलो. मग मी विचारलं, "हे तुमच्याबरोबर कधी विमानात बसले होते का?"

तो कानस घासायला लागला. घासलेली किल्ली पुन्हा घासायला लागला.

"वहिनी, मी विमानाला इतका भ्यायचो की चढल्यापासून उतरेपर्यंत डोळे मिटून. शेजारी कोण, मागे कोण, काही ठाऊक नाही."

निघताना माझ्या कडीकुलपाची जादा किल्ली बनवून दिली. मी मागितली नव्हती.

९ मार्च, रविवार

चौथी फेरी, नोव्हेंबरची. फायनल. पहिल्या पानावर फोटो – विमानाच्या शिडीसमोर कप घेऊन सगळे. भिंग लावून मोजले. अठ्ठावीस. तीनदा मोजले. एकेक चेहरा बघितला.

हे नाहीत.

व्याही खरंच बोलले होते. आज काही लिहवत नाही.

१२ मार्च, बुधवार

बाजारात दुधी भोपळा हातात घेतला आणि थांबले. हे असते तर तळव्यावर जोखून म्हणाले असते, "सातशे वीस." आणि भाजीवाल्याचा काटा खोटा ठरला असता. दोन वर्षं मी वस्तू नुसत्या उचलते. त्यांना वजनच राहिलं नाही.

घरी येऊन स्वतःलाच दटावलं. फोटोत नाहीत म्हणजे विमानात नव्हते, असं थोडंच आहे? फोटो काढताना हे काट्याजवळ उभे असतील! पण अठ्ठावीसच जागा... पण मग... जाऊ दे. तळघरात गेले. पुढची वर्षं चाळली. असला हट्टीपणा अंगात असतो की वयाबरोबर येतो, कोण जाणे.

आणि बघ, हट्टाला फळ आलं! कॅप्टन वारल्याची बातमी. खाली लिहिलंय : मागे एक मुलगी, डोळ्यांची डॉक्टर. गावाचं नावही आहे. पत्र टाकलं. पाच वेळा खोडून सहाव्यांदा नीट उतरलं.

१९ मार्च, बुधवार

कॅप्टनच्या मुलीचा फोन! आवाज एवढा मोठा, अगदी धावपट्टीवर उभी राहून बोलतेय असा.

"मावशी, बाबांचे वजनाचे कागद? आहेत की! पण त्यांच्यावर मी चित्रं काढलीत."

"कशावर?"

"कागदांच्या मागे. बाबा घरी जुने कागद आणायचे, मी पाठकोऱ्या बाजूला घोडे काढायची. आईनं सगळे घोडे जपून ठेवलेत. पाठवते."

म्हणजे इतिहास घोड्यांच्या पोटाखाली आहे!

२४ मार्च, सोमवार

पार्सल आलं. घोडे, घोडे, एक गाय (की घोडाच?), एक बाई – बहुधा तिची आई, केस हिरवे. टेबलावर सगळे उपडे मांडले.

आणि ह्यांचं अक्षर. निळ्या कार्बनचं. किती दिवसांनी. एकेरी बांध्याचं, शिस्तीत उभं राहिलेलं. मी आधी नुसता हात फिरवला. वाचायला घेतलं ते चहा झाल्यावर.

चार फेऱ्यांचे कागद माझ्या तारखांशी जुळले. खेळाडूंची नावं नाहीत, नंबर आहेत – १, २, ३... एक नंबर म्हणजे भिंत : ८१.४, मग ८३.०, मग ८६.२. गिलावा!

आणि एक पाचवा कागद. एका लाल घोड्याच्या मागे. ७ ऑक्टोबर. वर लिहिलंय – संघ, सोळा माणसं. जायचं ठिकाण – बंदर. म्हणजे ते समुद्राकाठचं मोठं शहर.

पाच! पाच! पाच! मी घरात एकटीच ओरडले. शेजारीण खिडकीतून, "काय झालं?" म्हटलं, "पाच झाले!" तिनं घड्याळ बघितलं.

आणि सात तारखेचा सामना म्हणजे बातमी आठच्या अंकात. तेच पान ब्लेडनं कापलेलं!

२५ मार्च, मंगळवार

झोपेतून उठले आणि कागद पुन्हा वाचला. अगदी खालची ओळ काल नजरेतून सुटली होती.

मागे, शेपटाकडे : वाळू – ६२.०

बासष्ट?

माझी थैली पंचवीसची. दोन थैल्या पन्नास, तीन थैल्या पंच्याहत्तर. बासष्ट होतेच कशी? अर्धी थैली हे कधी ठेवायचे नाहीत – "अर्धी थैली घरंगळते" म्हणून मला चार वेळा शिवण उसवायला लावली होती.

कोठीच्या खोलीच्या दाराशी गेले. दाराच्या आतल्या बाजूला ह्यांनी पेन्सिलीनं घरातल्या सगळ्यांची वजनं लिहिलीत, वर्षावर्षाची. रंगारी आला तेव्हा मी त्या दाराला हात लावू दिला नव्हता. त्या वर्षाची ओळ शोधली.

ती – ४९.५
मी – ६२.०

तिथेच खाली बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. अहो! वाळू म्हणून गेलात?

२७ मार्च, गुरुवार

सेक्रेटरी ऐकून घेतात, हे त्यांचं चांगलं. ऐकून नाही म्हणतात, हे वाईट.

"वाळू म्हणजे वाळू, बाई. बासष्ट किलो वाळू असू शकते."

"त्या थैल्या मी शिवल्यात!"

"मान्य. पण कोठीच्या दारावरची पेन्सिल मी पुस्तकात कशी देऊ?" मग आवाज खाली आणून : "आणि खरं सांगू? त्या बंदरच्या सामन्याबद्दल क्लबात कुणी बोलत नाही. का ते मलाही ठाऊक नाही. माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं – ऑक्टोबर उकरू नका."

ऑक्टोबर उकरू नका! मग तर उकरणारच.

३० मार्च, रविवार

थेट भिंतीकडे. कागद त्याच्या कानशीपुढे ठेवला. म्हटलं, "भावजी, तुमचं वजन ८४.६. तारीख ७ ऑक्टोबर. आता डोळे उघडा."

त्यानं कानस बाजूला सारली. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आतून एक बिस्किटांचा डबा आणला. डब्यात पिवळं झालेलं पान. ब्लेडनं कापलेलं.

"सात," म्हणाला. "सात–शून्य. सातही माझ्याच अंगावरून गेले, वहिनी."

मग सांगत सुटला. थांबेचना. त्या दिवशी संघाबरोबर येणाऱ्या पाठीराख्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं. विमानात सोळाच, तेही सगळे पुढच्या रांगांत. शेपूट हलकं. थैल्या आणायला गेले तर गोदामाचं छप्पर गळून थैल्या भिजलेल्या. कॅप्टन म्हणाला, ठेवा तशाच. हे म्हणाले, नाही. ओल्या वाळूचं वजन खरं नसतं, पाणी गळेल तसं बदलतं, मी सही करणार नाही. कॅप्टन वैतागला – "मग तूच बस शेपटात! तू कोरडा आहेस ना?"

"आणि बसला की! काट्यावर उभा राहिला, स्वतःचं वजन स्वतः लिहिलं. कामगाराला विमानात न्यायची परवानगी नव्हती, म्हणून नावाच्या जागी – वाळू!"

मला हे दिसले. अगदी समोर. जीभ दातांत धरून लिहिताना.

"येताना," भिंत म्हणाला, "कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी तर तोंडावर टॉवेल घेतलेला. काटेकोरनं तिथल्या काट्यावर आम्हाला एकेक करून उभं केलं. सगळं लिहून झाल्यावर आकडे ताडून बघितले आणि मोठ्यानं म्हणाला, 'मंडळी, जाताना जेवढे होतात तेवढेच भरलात. काही हरवलेलं नाही.' वहिनी, आधी एक जण हसला. मग अख्खं विमान."

मी विचारलं, मग हे फायनलला गेलो असं का सांगायचे?

मान खाली घातली त्यानं. "आम्ही शपथ घातली होती. या सामन्याचा शब्द काढायचा नाही. कुणीच. त्याला विमान सांगितल्याशिवाय राहवायचं नाही, आणि सात गोल तर सांगायचे नव्हते. मग त्यानं विमान उचललं आणि फायनलला नेऊन ठेवलं."

म्हणजे व्याह्यांसमोर, त्या ताटावर, एक वाक्य बोलले असते तर खरे ठरले असते. बोलले नाहीत. पाणी प्यायले.

३१ मार्च, सोमवार

दिवसभर मशीनवर बसले. उगाच. पडद्याची कड घातली, उसवली, पुन्हा घातली. रडून झालं की हसू येत होतं – वाळू!

८ एप्रिल, मंगळवार

काय दिवस! सगळं लिहिते.

काल घोड्यांचा गठ्ठा आवरताना लाल घोडा हाताला जाड लागला. कापड हाताळून हाताळून बोटांना दुहेरी आणि एकेरी कळतं. दोन कागद खळीनं चिकटवलेले. मुलांची युक्ती – चित्र ताठ राहावं म्हणून. किटलीच्या वाफेवर धरले, आणि शिवण उसवावी तसे सुटे केले. सावकाश. श्वास रोखून.

आतला कागदही ७ ऑक्टोबरचाच. पण निघण्याचं ठिकाण – बंदर. येतानाचा! आणि अक्षर ह्यांचं. बंदरच्या विमानतळावर लिहिलेला कागद, ह्यांच्या हाताचा. दुसऱ्याच्या काट्यावर ह्यांचा कधी विश्वास बसला नाही ना!

खाली : वाळू – ६२.३

तीनशे ग्रॅम वाढले! बंदरावर काय हादडलंत एवढं?

आज भिंतीला घेऊन क्लबवर गेले. त्यानं जुना ब्लेझर घातला होता, बटणं लागत नव्हती. सेक्रेटरींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"गेले होते," म्हणाले. नुसतं एवढंच. मला तेवढं पुरे होतं.

मग त्यांना घाम फुटला. "पण हे छापायचं तर सामना छापावा लागेल. सात–शून्य... उत्सवाच्या पुस्तकात..."

भिंत अशी काही टेबलावर वाकली की टेबलच कुरकुरलं. "गोल कुणी खाल्ले? तुम्ही?"

"नाही, पण क्लबची अब्रू –"

"सात गोल मी खाल्लेत. त्रेचाळीस वर्षं पोटात आहेत. त्यापायी एक सरळ माणूस थापाड्या ठरला. छापा! सात. आकड्यात छापा, अक्षरातही छापा!"

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. अक्षरातही.

परत येताना वाचनालयात शिरलो. भिंतीनं ते पान ग्रंथपालबाईंपुढे ठेवलं, शाळेतल्या पोरासारखं. बाई म्हणाल्या, "त्रेचाळीस वर्षं उशीर!" आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला वाचनालयाचा सभासदच करून घेतलं. त्यानं विचारलं, कुठलं पुस्तक घेऊ? म्हटलं, पहिल्या कपाटापासून सुरुवात करा, भावजी. घाई नको.

१७ एप्रिल, गुरुवार

छापखान्यातून तपासायला पानं आली. विमानांचं प्रकरण, पान ४१.

"पाचवी फेरी, ७ ऑक्टोबर. बंदर. पराभव ७–० (सात–शून्य). विमानाचा तोल राखण्यासाठी काट्यावरील कर्मचारी काटेकोर हे वाळूऐवजी संघासोबत गेले व परत आले."

'व परत आले' मी घालायला लावलं. सेक्रेटरी म्हणाले, ते उघडच आहे. मी म्हटलं, उघड असलं तरी असू द्या.

लेकीला फोनवर वाचून दाखवलं.  मग तिनं ह्यांच्या आवाजात म्हटलं, "मी आपल्या संघाबरोबर विमानातून गेलोय..." आणि पुढचं वाक्य म्हणालीच नाही. माझ्यासाठी ठेवलं.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन. लेकीनं सांगितलंच असणार. "विहीणबाई, ती फ्रेम उतरवलीय मी."

"अहो, उतरवू नका. फायनल खरीच आहे."

"मग त्याच्या शेजारी पान ४१ लावतो."

आज भोपळा हातात घेऊन म्हटलं, "सहाशे ऐंशी." भाजीवाल्याच्या काट्यावर सहाशे सत्तर. जमतंय!

२७ एप्रिल, रविवार

पुस्तक काल छपाईला गेलं. आता वहीचं काम नाही. कव्हराचा दोरा कापायला कात्री घेतली, आणि हातातच राहिली. जोडावरचा नांगर. बंदर. लांबून आणलीय, जपून वापर.

तशीच पिशवीत टाकून वाण्याकडे गेले. त्याच्या काट्यावर ठेवली. दोनशे चौऱ्याण्णव. तीनशेतले सहा ग्रॅम त्रेचाळीस वर्षं धार लावण्यात गेले.

व्याही जेवायला आले त्या दिवशी टेबलावरचं कापड मी हिनंच कापलं होतं. ह्यांच्यासमोर.

वाणी म्हणाला, "काय देऊ, काकू?"

म्हटलं, काही नको. मिळालं.